एग (बेट)

एग हे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगत असलेल्या इनर हेब्रिडीज द्वीपसमूहातील एक लहान बेट आहे. बेटाचे क्षेत्रफळ सुमारे ३१ चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ८३ होती. रम, कॅना आणि मक या शेजारच्या बेटांसह एगचा समावेश 'स्मॉल आइल्स' या लहानशा बेटसमूहात होतो.

शतकानुशतके एकामागून एक जमीनदारांच्या ताब्यात असलेले हे बेट १२ जून १९९७ रोजी रहिवाशांच्या सहभागातून स्थापन झालेल्या न्यासाने विकत घेतले. त्यानंतर ११ वर्षांनी बेटावर पाणी, वारा आणि सूर्यप्रकाश यांच्यापासून वीज निर्माण करणारी स्वतंत्र वीजव्यवस्था सुरू झाली. या दोन घटनांमुळे शाश्वत विकास, जमीनसुधारणा आणि लहान समाजांचे स्वयंशासन या विषयांच्या अभ्यासात एगचा उल्लेख वारंवार केला जातो.

नाव

बेटाचे गेलिक भाषेतील नाव 'एलन एगे' असे आहे. 'एगे' या शब्दाचा अर्थ खाच किंवा खिंड असा लावला जातो. बेटाच्या मध्यभागातून जाणाऱ्या सखल पट्ट्यामुळे समुद्रावरून पाहताना बेटाला खाच पडल्यासारखी दिसते. 'थोर स्त्रियांचे बेट' अशा अर्थाचे एक जुने पर्यायी नावही लोकपरंपरेत आढळते.

भूगोल आणि निसर्ग

एग बेट उत्तर-दक्षिण सुमारे ९ किलोमीटर लांब आणि पूर्व-पश्चिम सुमारे ५ किलोमीटर रुंद आहे. बेटाचा बराचसा भाग बेसाल्ट खडकाच्या पठाराचा आहे. दक्षिणेकडील 'अन स्गूर' हा ३९३ मीटर उंचीचा कडा बेटावरील सर्वोच्च स्थान आहे. काळसर, काचेसारख्या ज्वालामुखीय खडकाचा हा सरळसोट सुळका दूरच्या समुद्रातूनही ओळखू येतो.

वायव्येकडील क्लेडेल हा बेटावरील मुख्य शेतीचा भाग आहे. आग्नेयेकडील गॅल्मिसडेल येथे बंदराचा धक्का आहे. पश्चिम किनाऱ्यावरील एका पुळणीवरील वाळू गारेच्या कणांची असून, ती कोरडी असताना तिच्यावरून चालले की किणकिणल्यासारखा आवाज येतो. त्यामुळे ही पुळण 'गाणारी वाळू' या नावाने प्रसिद्ध आहे. १८४४ मध्ये भूशास्त्रज्ञ ह्यू मिलर यांना बेटाच्या किनाऱ्यावर प्लेसिओसॉर या नामशेष सागरी सरपटणाऱ्या प्राण्याची हाडे सापडली होती.

अटलांटिक महासागरातील उष्ण प्रवाहामुळे येथील हिवाळा अक्षांशाच्या मानाने सौम्य असतो. पाऊस मुबलक पडतो आणि वारे जोरदार वाहतात. हेच हवामान पुढे बेटाच्या वीजनिर्मितीचा आधार ठरले. सोनेरी गरुड, पाणमांजर आणि अनेक समुद्रपक्षी येथे आढळतात.

इतिहास

प्रारंभिक काळ

आयर्लंडहून आलेले धर्मप्रचारक संत डोनन यांनी एगवर मठ स्थापन केला होता. इ.स. ६१७ मध्ये संत डोनन आणि त्यांचे ५० हून अधिक सहकारी यांची येथे हत्या झाली. मध्ययुगात काही काळ नॉर्स सत्तेखाली राहिल्यानंतर बेट क्लॅनरॅनल्ड शाखेच्या मॅकडोनल्ड कुळाकडे आले. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्काय बेटावरील मॅकलाउड कुळाशी झालेल्या वैरात, गुहेत लपलेल्या बेटवासीयांना गुहेच्या तोंडाशी आग लावून धुराने गुदमरवून मारण्यात आले, अशी परंपरा आहे. परंपरेनुसार या हत्याकांडात बेटावरील जवळजवळ सर्व रहिवासी मरण पावले. त्यानंतर बेटावर नव्याने वस्ती झाली.

स्थलांतर आणि हकालपट्टी

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी बेटावर बटाट्याची शेती, गुरेपालन आणि समुद्रशेवाळ जाळून क्षार तयार करण्याचा व्यवसाय चालत असे. नेपोलियनची युद्धे संपल्यानंतर या क्षाराची किंमत कोसळली. कर्जात बुडालेल्या क्लॅनरॅनल्ड प्रमुखाने १८२० च्या दशकात बेट विकले आणि ते ॲबर्डीन येथील एका प्राध्यापकाच्या मालकीचे झाले. कुळाचा प्रमुख आणि कुळातील माणसे यांच्यातील जुने नाते येथे संपले आणि बेट ही खरेदी-विक्रीची मालमत्ता बनली.

१८४१ च्या सुमारास बेटाची लोकसंख्या साडेपाचशेच्या जवळपास होती. पुढे बटाट्यावरील रोग आणि मेंढीपालनासाठी मोठी चराऊ राने करण्याचे जमीनमालकांचे धोरण यांमुळे लोकांची पांगापांग झाली. १८५३ मध्ये अन स्गूरच्या पायथ्याशी असलेल्या ग्रूलिन या वस्तीतील बहुतेक कुटुंबांना घरे सोडावी लागली. ग्रूलिनच्या घरांचे दगडी चौथरे आणि भिंतींचे अवशेष आजही तेथे दिसतात.

१८८६ च्या कायद्याने स्कॉटलंडच्या उत्तरेकडील लहान कुळांना, म्हणजे 'क्रॉफ्ट' नावाचे छोटे शेत कसणाऱ्यांना, जमिनीवर टिकून राहण्याचा हक्क मिळाला. क्लेडेलमधील शेतकऱ्यांना याचा लाभ झाला. मात्र क्रॉफ्टच्या बाहेर, जमीनदाराच्या घरांत राहणाऱ्या लोकांना हे संरक्षण नव्हते. हा भेद पुढे शंभर वर्षांनीही बेटावरील तणावाचे एक मूळ कारण राहिला.

विसाव्या शतकातील मालक

१९२५ ते १९६६ या काळात एग रन्सिमन कुटुंबाच्या मालकीचे होते. बायझंटाइन इतिहासाचे विख्यात अभ्यासक स्टीव्हन रन्सिमन हे याच कुटुंबातील होते. हा काळ तुलनेने स्थिर मानला जातो. त्यानंतर बेटाची मालकी वारंवार बदलली. १९७५ मध्ये इंग्लिश उद्योजक कीथ शेलेनबर्ग यांनी बेट विकत घेतले. सुरुवातीच्या वर्षांत पर्यटन आणि घरदुरुस्तीची काही कामे झाली, रोजगार निर्माण झाला आणि नवी कुटुंबेही बेटावर आली. पुढे मात्र भाडेकरार, घरांची दुरुस्ती आणि रोजगार या प्रश्नांवरून मालक आणि रहिवासी यांच्यात तीव्र मतभेद निर्माण झाले.

अनेक रहिवाशांकडे लेखी भाडेकरार नव्हता. करार नसल्याने घराच्या दुरुस्तीसाठी अनुदान किंवा कर्ज मिळत नसे आणि स्वतःचे पैसे घालून घर सुधारावे, तर ते कधीही सोडावे लागण्याची शक्यता असे. त्यामुळे बेटावर राहण्याची इच्छा असूनही तरुणांना तेथे भविष्य दिसत नव्हते. १९९५ मध्ये शेलेनबर्ग यांनी बेट 'मारूमा' हे नाव धारण करणाऱ्या एका जर्मन चित्रकाराला विकले. नव्या मालकाने जाहीर केलेली गुंतवणूक प्रत्यक्षात आली नाही आणि १९९६ मध्ये बेट पुन्हा विक्रीस निघाले.

रहिवाशांनी केलेली खरेदी

१९९१ मध्ये लेखक व कार्यकर्ते अलास्टेर मॅकिंटॉश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेट लोकांच्या मालकीचे व्हावे या उद्देशाने एक न्यास स्थापन केला होता. आरंभी हा प्रयत्न बाहेरच्यांचा म्हणून पाहिला गेला. रहिवाशांचा पाठिंबा हळूहळू मिळत गेला. त्याच दशकात, १९९३ मध्ये, स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावरील असिंट येथील क्रॉफ्ट शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी स्वतः विकत घेतल्या. सामान्य कुळेही जमीन विकत घेऊ शकतात, हे या उदाहरणाने सिद्ध केले.

पुढे रहिवासी संघ, हायलँड परिषद ही स्थानिक स्वराज्य संस्था आणि स्कॉटिश वन्यजीव न्यास यांनी एकत्र येऊन 'एग वारसा न्यास' ही संस्था उभी केली. बेटासाठी प्रारंभी २० लाख पौंड मागितले जात होते. न्यासाने जाहीर आवाहन केले आणि ब्रिटनमधून व बाहेरूनही लोकवर्गणी जमू लागली. सुमारे १०,००० लोकांनी लहानमोठ्या रकमा दिल्या. सर्वांत मोठी देणगी एका महिलेने आपले नाव गुप्त ठेवण्याच्या अटीवर दिली. अखेर १५ लाख पौंडांना व्यवहार ठरला आणि १२ जून १९९७ रोजी बेटाचा ताबा न्यासाकडे आला. त्या वेळी बेटावर सुमारे ६५ लोक राहत होते. या दिवसाचा वर्धापनदिन दरवर्षी जूनमध्ये बेटावर गाण्याने आणि सामूहिक नृत्याने साजरा केला जातो.

न्यासाचा कारभार

न्यासाच्या संचालक मंडळावर रहिवाशांचे निर्वाचित प्रतिनिधी तसेच हायलँड परिषद आणि वन्यजीव न्यास यांचे प्रतिनिधी असतात. बाहेरच्या संस्थांचे प्रतिनिधी असले तरी बेटाच्या दैनंदिन जीवनाशी संबंधित प्रश्न प्रथम रहिवाशांच्या बैठकीत चर्चेला येतात.

ताबा मिळाल्यानंतर न्यासाने सर्वप्रथम रहिवाशांना दीर्घ मुदतीचे भाडेकरार करून दिले. वीज आणि धक्का यांच्या तुलनेत हे काम कमी दिसणारे असले, तरी पुढील सर्व कामांचा पाया त्यानेच घातला. करार हाती आल्यावर लोकांनी घरांची दुरुस्ती केली, लहान व्यवसाय सुरू केले आणि मुलेबाळे असलेली कुटुंबे स्थायिक होऊ लागली. १९९८ मध्ये धक्क्याजवळ 'अन लावरिग' ही सार्वजनिक इमारत उभी राहिली. गेलिकमध्ये या नावाचा अर्थ उतरण्याची जागा असा होतो. दुकान, टपाल कार्यालय आणि चहाघर या इमारतीत एकत्र असल्याने ती बेटाची चावडीच बनली आहे.

वीजव्यवस्था

पार्श्वभूमी

एग बेट ब्रिटनच्या राष्ट्रीय वीजजाळ्याला कधीही जोडलेले नव्हते. समुद्राखालून तारा टाकण्याचा खर्च इतक्या थोड्या घरांसाठी परवडणारा नव्हता. त्यामुळे बहुतेक घरांत स्वतंत्र डिझेल जनित्र असे. इंधन बोटीने आणावे लागे, जनित्राची देखभाल घरमालकालाच करावी लागे आणि खर्च वाचवण्यासाठी ते दिवसातील काही तासच चालवले जाई. शीतपेटी किंवा कपडे धुण्याचे यंत्र यांसारख्या गोष्टी गृहीत धरता येत नसत.

निर्मिती आणि साठवण

१ फेब्रुवारी २००८ रोजी 'एग इलेक्ट्रिक' ही न्यासाच्या मालकीची कंपनी कार्यान्वित झाली आणि बेटाला प्रथमच चोवीस तास वीज मिळू लागली. प्रकल्पाचा खर्च सुमारे १६ लाख ६० हजार पौंड इतका होता. त्यातील मोठा वाटा युरोपीय विकास निधी, राष्ट्रीय लॉटरी निधी आणि स्थानिक विकास संस्थांच्या अनुदानातून आला. रहिवाशांनीही जोडणीसाठी पैसे भरले.

या व्यवस्थेत पुढील घटकांचा समावेश आहे:

• लेग येथील ओढ्यावरचे सुमारे १०० किलोवॅट क्षमतेचे मुख्य जलविद्युत केंद्र आणि दोन लहान जलविद्युत केंद्रे
• प्रत्येकी ६ किलोवॅट क्षमतेच्या चार पवनचक्क्या
• सौरपट्ट्या, त्यांची क्षमता आरंभी सुमारे १० किलोवॅट होती आणि पुढे ती ५० किलोवॅटपर्यंत वाढवण्यात आली
• वीज साठवणारा बॅटरीसंच
• आणीबाणीसाठी दोन डिझेल जनित्रे

वीज वाहून नेणाऱ्या सुमारे ११ किलोमीटर लांबीच्या तारा जमिनीखालून टाकल्या आहेत. त्यामुळे वादळांपासून त्यांचे रक्षण होते.

ही साधने परस्परांना पूरक आहेत. हिवाळ्यात पाऊस आणि वारा भरपूर असतो, तेव्हा ओढे आणि पवनचक्क्या भार उचलतात. उन्हाळ्यात ओढ्यांचे पाणी कमी होते, पण दिवस मोठा असल्याने सौरऊर्जा अधिक मिळते. एका मोठ्या साधनावर विसंबण्याऐवजी अनेक लहान साधने एकत्र जोडण्याचे हे तत्त्व व्यवस्थेचा गाभा आहे. बेटाची ९० टक्क्यांच्या आसपास वीज या नूतनीकरणक्षम स्रोतांतून मिळते. बॅटरी उतरली आणि हवामानाने साथ दिली नाही, तरच डिझेल जनित्र चालवले जाते. बॅटरी पूर्ण भरल्यावर उरणारी वीज वाया न घालवता सभागृह, चर्च आणि धक्क्यावरील इमारत यांसारख्या सार्वजनिक वास्तू उबदार ठेवण्यासाठी वापरली जाते. देखभालीचे काम बेटावरच राहणारे प्रशिक्षित रहिवासी अर्धवेळ करतात.

पाच किलोवॅटची मर्यादा

एगच्या वीजव्यवस्थेचे सर्वाधिक चर्चिले गेलेले वैशिष्ट्य म्हणजे वापरावरील मर्यादा. कोणत्याही घराला एका वेळी ५ किलोवॅट आणि व्यवसायाला १० किलोवॅट यांहून अधिक वीज घेता येत नाही. पाणी उकळण्याची विजेची किटली आणि कपडे धुण्याचे यंत्र एकाच वेळी चालू केले, तर साधारण ही मर्यादा गाठली जाते. मर्यादा ओलांडल्यास त्या घराचा पुरवठा आपोआप खंडित होतो आणि तो पूर्ववत करून घेण्यासाठी शुल्क भरावे लागते. त्या क्षणी किती वीज वापरली जात आहे, हे दाखवणारा छोटा दर्शक घरोघरी बसवण्यात आला.

ही मर्यादा महिन्याच्या एकूण वापरावर नसून एका क्षणी घेतल्या जाणाऱ्या विजेवर आहे. लहान वीजजाळ्यात सर्वांनी एकाच वेळी अवजड उपकरणे लावली, तर संपूर्ण यंत्रणा कोलमडू शकते. सर्वांसाठी एकच मर्यादा असल्याने श्रीमंत घराला अधिक आणि गरीब घराला कमी, असा भेद राहत नाही. एखादे घर पुरवठा खंडित होईपर्यंत वीज ओढते तेव्हा त्याचा त्रास प्रथम त्याच घराला होतो, शेजाऱ्याला नाही. पाऊस आणि वारा यांची साथ नसताना वापर कमी करण्याचे आवाहन रहिवाशांना केले जाते. वीज कोठून येते आणि ती कोण राखतो हे प्रत्येकाला ठाऊक असल्यामुळे अशा आवाहनाला प्रतिसाद मिळतो, असे निरीक्षण अनेकांनी नोंदवले आहे.

२०१० मध्ये ब्रिटनमधील 'नेस्टा' या संस्थेच्या हवामानबदलविषयक स्पर्धेत एग संयुक्त विजेत्यांपैकी एक ठरले आणि बेटाला ३ लाख पौंडांचे पारितोषिक मिळाले.

दळणवळण आणि सेवा

मुख्य भूमीवरील मॅलेग बंदरातून एगला फेरीबोट येते. थेट प्रवासास सुमारे सव्वा तास लागतो. उन्हाळ्यात अरिसेग येथूनही प्रवासी बोट येते. पूर्वी मोठी बोट धक्क्याला लागू शकत नसे. प्रवासी, गुरे आणि सामान समुद्रातच लहान होडीत उतरवून किनाऱ्यावर आणावे लागे. २००४ मध्ये नवा धक्का पूर्ण झाल्यावर वाहने थेट बोटीवरून उतरू लागली. तरीही पर्यटकांना बेटावर स्वतःचे वाहन आणण्याची सर्वसाधारणपणे परवानगी नाही.

बेटावर प्राथमिक शाळा आहे. माध्यमिक शिक्षणासाठी मुलांना मॅलेग येथे जावे लागते आणि आठवडाभर वसतिगृहात राहावे लागते. हिवाळी वादळांत बोट रद्द झाली, तर शनिवार-रविवारी घरी येणेही शक्य होत नाही. विद्यार्थ्यांची संख्या अगदी थोडी असल्याने एका कुटुंबाचे येणे किंवा जाणे यावरही शाळेचा पट लक्षणीय बदलतो.

अर्थव्यवस्था आणि समाजजीवन

मेंढीपालन, गुरेपालन, पर्यटन, बांधकाम, वनीकरण आणि हस्तव्यवसाय ही उत्पन्नाची मुख्य साधने आहेत. बहुतेक रहिवासी एकापेक्षा अधिक कामे करतात. एकच व्यक्ती सकाळी मेंढ्या सांभाळते, बोट आली की धक्क्यावर दोर धरते आणि संध्याकाळी न्यासाच्या बैठकीला बसते, हे येथे स्वाभाविक आहे. जुनी विदेशी वृक्षांची लागवड टप्प्याटप्प्याने काढून स्थानिक वृक्ष लावले जात आहेत आणि तोडलेले लाकूड घरे उबदार ठेवण्यासाठी वापरले जाते.

न्यासाच्या ताब्यानंतर लोकसंख्येची घसरण थांबली. २००१ मध्ये बेटावर ६७ लोक होते. २०११ मध्ये ही संख्या ८३ झाली आणि त्यानंतरच्या दशकात ती शंभराच्या आसपास पोहोचली. बेटावर वाढलेले काही तरुण शिक्षणानंतर परत आले आणि त्यांनी घरे बांधली. ज्या प्रदेशाचा इतिहास दीड शतक केवळ स्थलांतराचा होता, तेथे ही वाढ विशेष मानली जाते.

मर्यादा आणि प्रश्न

एगचे उदाहरण जसेच्या तसे सर्वत्र लागू होत नाही, याकडे अभ्यासक लक्ष वेधतात. वीजप्रकल्पाचा बराचसा भांडवली खर्च अनुदानातून आला. बॅटरी, पवनचक्क्या आणि नियंत्रक यंत्रे यांचे आयुष्य मर्यादित असल्याने त्यांच्या नूतनीकरणाचा खर्च पुन्हापुन्हा उभा राहतो. घरे उबदार ठेवणे, स्वयंपाक आणि वाहने यांसाठी लाकूड, वायू, कोळसा व तेल यांचा वापर पूर्णपणे थांबलेला नाही. तो कमी करणे हे न्यासाचे पुढील उद्दिष्ट आहे.

लोकसंख्या वाढली तशी घरांची टंचाई जाणवू लागली आणि वीजव्यवस्थेवरील भारही वाढला. पर्यटनाने उत्पन्न मिळते, मात्र पाणी, कचरा आणि निवास यांवर ताण येतो. याशिवाय थोड्याच लोकांना सर्व समित्या, बैठका आणि स्वयंसेवी कामे सांभाळावी लागतात. मतभेद झाले, तरी ज्याच्याशी वाद झाला त्याच्याच शेजारी राहावे लागते. जमीनदार असताना दोष देण्यास एक व्यक्ती होती. आता निर्णयाची जबाबदारी रहिवाशांचीच आहे.

महत्त्व

हेब्रिडीजमधील सेंट किल्डा या दूरच्या द्वीपसमूहावरील अखेरचे ३६ रहिवासी २९ ऑगस्ट १९३० रोजी स्वतःच्याच विनंतीवरून बेट सोडून गेले आणि तेथील हजारो वर्षांची वस्ती संपली. लोकसंख्या एका मर्यादेखाली गेली की होडी वल्हवण्यास, आजाऱ्याची शुश्रूषा करण्यास आणि शाळा चालवण्यास पुरेशी माणसे उरत नाहीत, हा त्या घटनेचा धडा होता. लहान बेटाच्या बाबतीत शाश्वतता याचा पहिला अर्थ माणसांचे टिकून राहणे असाच होतो.

एगच्या व्यवहारानंतर स्कॉटलंडमधील जमीनसुधारणेला वेग आला. १९९९ मध्ये नॉयडार्ट द्वीपकल्पावरील आणि २००२ मध्ये गिया बेटावरील जमीन स्थानिक समाजाच्या ताब्यात आली. २००३ च्या जमीनसुधारणा कायद्याने ग्रामीण समाजांना, जमीन विक्रीस निघाल्यास ती प्रथम विकत घेण्याचा हक्क दिला. २०१८ मध्ये उल्वा बेटही अशाच प्रकारे स्थानिक समाजाकडे आले.

डेन्मार्कमधील साम्सो बेटाशी एगची अनेकदा तुलना केली जाते. १९९७ मध्येच डेन्मार्कच्या शासनाने घेतलेल्या स्पर्धेत साम्सोची नूतनीकरणक्षम ऊर्जेचे बेट म्हणून निवड झाली होती आणि तेथील पवनचक्क्यांत रहिवाशांचे भाग आहेत. साम्सो मुख्य भूमीच्या वीजजाळ्याशी जोडलेले असल्याने जादा वीज बाहेर पाठवू शकते. एगला मात्र निर्मिती आणि वापर यांचा मेळ स्वतःच्याच हद्दीत घालावा लागतो. एगवर जमिनीची मालकी आधी आणि वीज नंतर आली, हा क्रमही महत्त्वाचा मानला जातो. ज्या घरातून कधीही बाहेर काढले जाण्याची भीती आहे, त्या घरासाठी पुढील वीस वर्षांचा विचार कोणी करत नाही. भाडेकरारांनी ही भीती दूर केल्यानंतरच पाच किलोवॅटची मर्यादा रहिवाशांनी आपणहून स्वीकारली.

हेही पाहा

• हेब्रिडीज
• सेंट किल्डा
• गिया
• साम्सो
• नूतनीकरणक्षम ऊर्जा
• जमीनसुधारणा